खडपाच्या माथ्यावरून कडेला

निवती-वेंगुर्ल्याच्या समुद्रात आता खडप, म्हणजे पाण्याखालचा खडकाळ उंचवटा, सापडायला वेळ लागत नाही. होडीत जीपीएस असतं, आवाजाच्या लाटेने तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारा फिश फाइंडर असतो, आणि खाणाखुणा एकाकडून दुसऱ्याकडे केव्हाच गेलेल्या असतात. तरीही एकाच खडपावर शेजारी-शेजारी नांगरलेल्या दोन होड्यांपैकी एकीच्या टपात नुसते वीतभर राणे मासे असतात आणि दुसरीत सात-आठ किलोचा गोबरा, म्हणजे ग्रूपर. गरी तीच, घास तोच, पाणीही तेच. हा फरक कशाने पडतो ते समजून घेण्यात माझे काही हंगाम गेले. त्यातलं जेवढं पक्कं हाती लागलं, तेवढं इथे लिहितो.

मी कुडाळचा, शाळेत शिकवतो. रविवारी आणि सुट्टीत मावशीच्या थोरल्या दिरांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, गरवायला जातो. आबांनी सारा जन्म तांडेलकी, म्हणजे होडी चालवायचं काम, केली. आता होडी त्यांचा मुलगा चालवतो, मी त्याला दादा म्हणतो. होडी साधी फायबरची, आउटबोर्ड इंजिनाची. त्यामुळे आमचा पल्ला वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहाच्या आसपासचा. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचं मोठं प्रवाळाचं पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली जेमतेम वीसेक मीटरवर, आणि नाव कान्होजी आंग्र्यांचं. तिथल्या माशांच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, पण छोट्या होडीने जायचं ते ठिकाण नव्हे. आमची खडपं किनारा दिसेल एवढ्या अंतरावरची, बारा ते सोळा वाव पाण्यातली. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर मावेल एवढी दोरी, साधारण सहा फूट.

सुरुवातीला आम्ही तिघेही खडपाच्या माथ्यावर गऱ्या सोडायचो. साहजिकच आहे, स्क्रीनवर सगळ्यात जास्त मासा तिथेच दिसतो. गरी तळाला टेकायच्या आत टकटक सुरू व्हायची. राणे, बोटभर तांबोशी, मधूनच एखादा पोपटमासा. हाताला काम भरपूर, पण तासाभरात घास संपायचा आणि टपात कालवणापुरते मासे. आबा माझ्याबरोबर मुकाट्याने गरवत राहायचे. एक दिवस मीच विचारलं, मोठा मासा या खडपावर राहिलाच नाही का? आबा म्हणाले, "बारीक मासो माथ्यार खेळता, मोठो कडेक ऱ्हवता." आणि त्या दिवसापासून त्यांनी मला पाणी शिकवायला घेतलं.

मोठ्या माशाला दोनच गोष्टी हव्या असतात: अंग न हलवता तोंडाशी येणारं खाणं, आणि धोका दिसला की शिरायला कपार. वाहतं पाणी खडपावर आदळलं की वर चढतं, त्याच्याबरोबर तळातलं बारीकसारीक अन्नही वर येतं. ते खायला पेडवे, बांगडे, राणे जमतात ते खडपाच्या त्याच अंगाला, ज्या अंगाला पाणी येऊन धडकतं. त्यांच्या खाली, जिथे खडप संपून वाळू सुरू होते त्या पायथ्याशी, गोबरा दबा धरून असतो. तांबोशी जरा बाहेर, वाळूच्या बाजूला फिरते. पाणी उलटं वळलं की हा सगळा बाजार खडपाच्या दुसऱ्या अंगाला सरकतो. म्हणून सकाळी जिथे मासा लागला, तिथेच दुपारी बसून राहण्यात अर्थ नसतो. खडप तेच असलं तरी माशाची बाजू बदललेली असते.

आधी पाणी बघायचं, हे कळलं की मग फिश फाइंडरही वेगळा वाचता येतो. कठीण तळ स्क्रीनवर जाड आणि ठळक उमटतो, आणि त्याच्या दुप्पट खोलीवर त्याचीच फिकट सावली दिसते. यंत्राने सोडलेली आवाजाची लाट तळावर आपटून वर येते, पुन्हा खाली जाऊन परत येते, त्याची ती दुसरी खूण. वाळूवर, चिखलावर ही सावली पुसट होते किंवा दिसतच नाही. आम्ही खडपावरून अगदी सावकाश, आडवं-उभं जातो आणि सावली जिथे नाहीशी होते तो बिंदू जीपीएसवर टाकतो. असे बिंदू जोडले की खडपाची कड हाती येते. मग तिच्यात बाहेर आलेली टोकं शोधायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुख्य खडपापासून सुटलेला, वाळूत एकटा पडलेला धोंडा शोधायचा. असा होडीएवढा धोंडा आख्ख्या खडपापेक्षा मोलाचा असू शकतो. आजूबाजूला दुसरा आडोसा नसतो, म्हणून तिथली जागा सगळ्यात दांडगा मासा धरून बसतो. त्याला तिथून काढलं तर काही दिवसांनी दुसरा येऊन बसतो, पण बहुतेक वेळा तो आकाराने लहान.

यंत्राची एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. त्याची लाट खाली जाताना पसरत जाते. वीस अंशांचा कोन धरला तर तीस मीटरवर ती जवळजवळ दहा मीटर रुंद जागा एकदम बघते. त्या वर्तुळातला सर्वांत उंच दगड यंत्र तळ म्हणून दाखवतं, आणि उताराच्या पायथ्याशी चिकटून बसलेला मासा त्या तळातच बुडून जातो. आम्हाला हवा असलेला गोबरा स्क्रीनवर फार क्वचित दिसतो. वरच्या बारीक माशांचा ढग कोणत्या खांद्यावर दाटलाय ते दिसतं, तेवढ्यावरूनच खालच्याचा अंदाज करायचा.

आबांच्या तरुणपणी यातलं काहीच नव्हतं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, म्हणजे पुढचं देऊळ मागच्या डोंगराच्या घळीत बसलं पाहिजे, आणि दुसऱ्या दिशेला तशीच आणखी एक जोडी. दोन्ही जोड्या जुळल्या की होडी खडपावर. खाली खडक की वाळू हे कळायला दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाच्या बुडातल्या खळग्यात साबण भरायचा आणि शिसं तळाला आपटून वर घ्यायचं. वाळू असली तर साबणाला कण चिकटून येतात, खडक असला तर साबण नुसता ओरबाडलेला. हे मी स्वतः करून पाहिलंय. साबणाला अर्धी वाळू आणि अर्धा ओरखडा आला तर समजायचं, आपण बरोबर कडेवर आहोत. स्क्रीनपेक्षा हा पुरावा मला आजही जास्त पटतो.

दिवस कोणता निवडायचा, हेही मोठ्या माशाच्या दृष्टीने ठरवावं लागतं. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणात पाण्याला इतकी ओढ असते की अर्धा किलोचं शिसंही तळाला ठरत नाही, तंगूस, म्हणजे गरीची दोरी, तिरकी जाते आणि घास कुठे आहे ते सांगता येत नाही. आम्ही सप्तमी ते दशमीच्या भांगाचे, म्हणजे कमी ओढीच्या भरती-ओहोटीचे, दिवस धरतो. पाणी वाहतं, पण गरी सरळ खाली जाते. भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. मिनिटांचा हिशेब त्यातून मिळत नाही, पण निघायचं कधी ते ठरवायला पुरतो. पाणी थांबून पुन्हा हलायला लागतं तो अर्धा-पाऊण तास सगळ्यात कामाचा, आणि तो उजाडतानाच्या वेळेशी जुळला तर त्याहून उत्तम.

हंगामाचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात. पण पावसाळा सरता-सरता आपल्या किनाऱ्यालगतच्या तळाशी थंड आणि प्राणवायू कमी असलेलं पाणी चढून आलेलं असतं, आणि खडपावर पाणीही गढूळ असतं. आमचा अनुभव असा की तळाचा मोठा मासा दिवाळीनंतर खरा लागायला लागतो. थंडीत किनाऱ्याचा मोठा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, पावसाळ्यात दक्षिणेकडे. भरती-ओहोटीचं पाणी त्याच्यावर चढतं किंवा त्याच्याविरुद्ध जातं, म्हणून कधीकधी वरचं पाणी एका बाजूला आणि तळाचं दुसऱ्याच बाजूला जाताना सापडतं. आपल्याला खालच्या पाण्याशी काम असतं. म्हणून नांगर टाकण्याआधी आबा नुसतं शिसं सोडून तंगूस कुठे कलते ते बघायला लावतात. "आधी पाणी खय जाता ता बघ, मगे नांगर टाक."

आता नांगर. सगळं कसब इथे आहे, आणि याच्याबद्दल बोलतात फार कमी जण. नांगर खडपावर टाकायचाच नाही. पाणी ज्या बाजूने येतंय त्या बाजूला, कडेच्या बाहेर, वाळूत टाकायचा आणि दोर सोडत मागे सरकायचं, इतकं की होडी कडेच्या जरा अलीकडे उभी राहील. मग सोडलेला घास पाण्याबरोबर आपोआप कडेच्या पायथ्याशी जाऊन बसतो, आणि त्याचा वास खडपाच्या आत पसरतो. मासा वासामागे कपारीतून बाहेर, वाळूवर येतो. हेच तर हवं असतं, कारण वाळूवर लागलेला मासा वर येण्याची आशा असते, कपारीत लागलेला तिथेच राहतो. शिवाय नांगर वाळूत पडला की प्रवाळ मोडत नाही. जो खडप आपल्याला पोसतो त्याच्यावर लोखंड घासणं मला सहन होत नाही. दादाने यासाठी मऊ सळीच्या आकड्यांचा नांगर करून घेतलाय. चुकून धोंड्यात अडकलाच तर जोर लावल्यावर आकडे सरळ होतात आणि तो सुटून येतो.

गरीची बांधणीही कडेसाठी वेगळी. मुख्य तंगूस शंभर पौंड ताण सोसणारी, खाली हातभर लांब जाड तुकडा आणि मोठी सर्कल गरी. शिसं मात्र बारीक, कमजोर दोऱ्याने बांधायचं. दगडात अडकतं ते बहुधा शिसंच. दोरा तुटून शिसं जातं, मासा आणि गरी राहते. घास अख्खा. कापलेले तुकडे राण्यांसाठी, दोन मिनिटांत साफ होतात. अख्खं माकूल किंवा जिवंत बांगडा असला की बारीक मासे चोची मारत राहतात, पण संपवू शकत नाहीत, आणि त्यांची ती धडपडच मोठ्याला बोलावून आणते. बांगडे तिथेच पिसांच्या गऱ्यांवर काढायचे, टपातलं पाणी सारखं बदलत जिवंत ठेवायचे, आणि वरच्या ओठातून गरी घालून सोडायचे.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट बसून राहणं. शेजारच्या होडीत सारखी ओढाओढ चाललेली असते, आपली तंगूस बोटावर गप्प. घास वर काढून बघावासा वाटतो. काढायचा नाही. तळाशी, त्या कडेला, तो तसाच राहिला पाहिजे.

फेब्रुवारीतली एक सकाळ सांगतो, कारण त्या दिवशी हे सगळं एका ओळीत जुळून आलं. अष्टमी होती. काळोखातच निघालो, जमिनीकडून येणारा मतलई वारा पाठीशी, दीपगृहाचा दिवा समोर. खडपावर पोचलो तेव्हा पूर्वेला जरा फटफटत होतं आणि भरती संपत आली होती. दीपगृहाच्या बेटाकडून पाकोळ्या बाहेर पडायला लागल्या होत्या. या खडकांच्या गुहांमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. आम्ही आधी बांगडे काढून घेतले आणि पाणी वळायची वाट बघत राहिलो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यावर शिसं सोडलं. वारा होडीला पश्चिमेकडे लोटत होता, पण तंगूस स्पष्ट दक्षिणेला कलत होती. म्हणजे पाणी उत्तरेकडून येतंय, आणि मासा उत्तरेच्या कडेला. दादाने वळसा घेऊन उत्तरेला वाळूत नांगर टाकला. वाऱ्यामुळे होडी हवी तिथे उभी राहीना. वारा आणि पाणी दोन्हींचा हिशेब धरून नांगर पुन्हा उचलला आणि अजून पूर्वेला सरकवून टाकला. या उचलापाचलीत बराच वेळ गेला, पण आबांनी समाधान झाल्याशिवाय एकही गरी सोडू दिली नाही. मग ठेचलेल्या तारल्यांची जाळीची पिशवी दगड घालून तळाला सोडली.

आधी तांबोशी आली. तिचं लागणं ओळखू येतं, दोन ठोके आणि लगेच धाव, तीही बाहेर वाळूकडे. चारेक किलोची होती, लालबुंद. नंतर बराच वेळ काही नाही. आणि मग माझ्या बोटावरची तंगूस जड झाली. ठोका नाही, झटका नाही, खाली कुणीतरी दोरी हातात घेऊन उभं राहावं तसं. माझा हात आपोआप वर जाणार, तेवढ्यात आबांनी मनगटावर हात ठेवला. "ओढू नको. घेवन जांव दे तेका." तंगूस हळूहळू एका बाजूला सरकायला लागली, मग वेगाने. "वड आता, वड!"

गोबऱ्याच्या बाबतीत सगळं पहिल्या पाच-सहा वावांत ठरतं. तो घास घेऊन थेट कपारीकडे वळतो. तेवढ्यात त्याला तळापासून उचलता आलं तर तो आपला. बोटांना रबराची नळी चढवलेली होती, तरी तंगूस कातडीत रुतत होती. दोन हात आत घेतली, एक हात परत गेली, आणि एकदम सगळं थांबलं. मासा भोकात शिरला होता. अशा वेळी जोर लावला की तंगूस दगडाच्या धारेवर तुटते. आबांनी तंगूस पूर्ण ढिली सोडायला लावली आणि सगळे गप्प बसलो. कपारीत शिरलेला गोबरा गालफडं फुगवून अंग दगडात घट्ट बसवतो. ताण गेला की थोड्या वेळाने सैल पडतो आणि बाहेर यायला बघतो. तंगुशीने पुन्हा हालचाल दाखवली तेव्हा दादा आणि मी दोघांनी मिळून खेचली, आणि या वेळी ती थांबली नाही.

पाण्याखालून आधी तपकिरी सावली दिसली, मग उघडं तोंड. माझे दोन्ही पंजे त्यात सहज मावले असते. गोबरा होडीच्या कडेला आला तेव्हा पोट फुगलेलं होतं आणि तोंडातून गुलाबी फुगा बाहेर आला होता. पंचवीस मीटरवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागापेक्षा साडेतीनपट असतो. मासा वर आला की त्याच्या पोटातल्या पिशवीतली हवा तेवढीच फुगते आणि जठर तोंडातून बाहेर ढकलते. बरेच जण तो फुगा सुईने फोडतात. ते जठर असतं, हवेची पिशवी नव्हे. फोडलं तर माशाला आत जखम होते आणि हवा आहे तिथेच राहते.

आबा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो हयलोच म्हातारो. ऱ्हवांदे तेका." दादाने काही बोलायच्या आधीच ते पलीकडची पेटी उघडायला लागले होते. त्या माशाला बाजारात चांगला भाव आला असता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण गोबरे एकाच खडपाला वर्षानुवर्षं धरून राहतात, आणि त्यांच्या बहुतेक जाती जन्मतात मादी म्हणून, पुढे मोठे झाल्यावर त्यातले काही नर होतात. खडपावरचे थोराड तेवढे काढत गेलं तर मागे नुसत्या लहान माद्या उरतात, आणि वीण बिघडते. आबांना यातली शास्त्रातली बाजू मी सांगितली, पण म्हाताऱ्याला काढला की खडप कित्येक दिवस मोकळं पडतं, हे ते माझ्या आधीपासून जाणून होते.

तरंगणारा मासा नुसता पाण्यात सोडून उपयोग नसतो. पोट फुगलेलं असताना तो खाली जाऊ शकत नाही, उन्हात उताणा मरतो किंवा घारी-गरुडांच्या तोंडी पडतो. आमच्याकडे यासाठी दोन किलोचं शिसं आणि त्याला उलटी बांधलेली, काटा कानशीने घासून काढलेली मोठी गरी असते. ती खालच्या ओठाच्या पातळ पडद्यातून घातली आणि शिशाच्या वजनाने त्याला तळाकडे सोडलं. खाली जाता-जाता दाब वाढतो, हवा आपोआप पूर्वीएवढी होते. आठ-नऊ वावांवर तंगुशीला जोरात हिसके बसायला लागले. तळाला टेकल्यावर वरून झटका दिला, गरी सुटली, शिसं रिकामं वर आलं.

गोबऱ्याची एक जात अशी आहे की तिच्याबाबत निवड आपल्या हातात नसतेच. एपिनेफेलस लँसिओलॅटस नावाचा महाकाय गोबरा २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला गेला, म्हणजे तेव्हा त्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण मिळालं. तो दोन मीटरच्या पुढे वाढतो. लहानपणी काळ्या-पिवळ्या मोठ्या डागांचा असतो, वाढल्यावर राखाडी-तपकिरी, अंगाच्या मानाने बारीक डोळे, गोल शेपटी आणि परांवर काळे ठिपके. हे पिल्लू लहान आहे म्हणून चुकून कालवणात जाऊ शकतं, आणि नेमकं ते ओळखता आलं पाहिजे. दादाच्या होडीत आता त्याचं चित्र प्लास्टिकमध्ये घालून इंजिनाशेजारी लावलंय.

खडपावर ट्रॉलचं जाळं ओढता येत नाही, फाटतं. म्हणून आजूबाजूचा चिखलाचा तळ वर्षानुवर्षं विंचरला जात असताना खडपं तेवढी मोठ्या माशांची राहण्याची जागा उरली आहेत. ती गरीवाल्यांनीच सांभाळायची. आम्ही आता एका खडपावर एका सकाळी एकच मोठा मासा घरी न्यायला ठेवतो आणि पुढच्या भांगाला दुसऱ्या खडपावर जातो. उत्तरेकडच्या कडेला, आमच्या बिंदूंच्या जरा पलीकडे, दादाला स्क्रीनवर वाळूत एक सुटा धोंडा दिसलाय. साबण लावलेलं शिसं अजून त्याच्यावर टाकून पाहायचंय. येत्या दशमीला पाणी दुपारी वळेल, तेव्हा त्याच्या दक्षिणेच्या अंगापासून सुरुवात करायची असं ठरलंय.